वाचक विचारतात : मिस मार्पलचं गाव आणि आपलं गाव

घरगुती वळणाच्या रहस्यकथांच्या मालिकांबद्दल, म्हणजे ज्यांना आता सर्रास ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात त्यांच्याबद्दल, वाचकांची मतं आणि शंका मागवल्या होत्या. या कथांत खून होतो, पण रक्तामांसाचं वर्णन नसतं. तपास करणारं माणूस पोलिसातलं नसतं, संशयित सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि गुन्हेगार शेवटी सापडतोच. बहुतेक पत्रं इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल मालिकेवर आली (मिस मार्पल म्हणजे खेड्यात एकटी राहणारी, खुनांची कोडी सोडवणारी म्हातारी), म्हणून या वेळी त्या मालिकेवरच भर दिला आहे. कुठल्याही पुस्तकातला गुन्हेगार इथे फोडलेला नाही.

‘क्रमाने वाचायचं म्हणून पहिली कादंबरी घेतली, ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’. मिस मार्पल मुळीच आवडली नाही. पक्षी बघायच्या दुर्बिणीतून शेजाऱ्यांची घरं बघणारी भोचक बाई वाटली. लोक म्हणतात ती प्रेमळ म्हातारी कुठे आहे? पुढे वाचू की सोडून देऊ?’ (शिक्षिका, आर्वी तालुका, जि. वर्धा)

सोडू नका. तुम्हाला जे खटकलं ते त्या पुस्तकात खरोखरच आहे. ही कादंबरी १९३० सालची. ती सांगतो गावचा धर्मगुरू, आणि त्याच्या घरी येणाऱ्या चार बायकांपैकी मिस मार्पल ही एक. गावाला तिची जी कटकट वाटते ती आपल्यालाही वाटावी, अशीच मांडणी आहे. त्यानंतर मिस मार्पलची दुसरी कादंबरी यायला बारा वर्षं लागली, ‘द बॉडी इन द लायब्ररी’, १९४२. मधल्या काळात लेखिकेचा हात बदलला आणि बाईही बदलली. नजर तीच राहिली, बोलण्यातला काटा गेला.

या मालिकेत बारा कादंबऱ्या आणि वीस लघुकथा आहेत. छापल्याच्या क्रमाने वाचण्यात फारसा फायदा नाही. सुरुवात ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’पासून (१९५०) करा. बाई, गाव आणि कोडं हे तिन्ही तिथे एकदम जमून आलेत. मग ‘द बॉडी इन द लायब्ररी’, आणि तिच्यानंतर केव्हाही ‘द मिरर क्रॅक्ड’ (१९६२). ही जोडी उलटी वाचू नका. दोन्हींमध्ये घर एकच आहे आणि वीस वर्षांत त्या घराचं आणि गावाचं काय झालं, हा दुसरीचा अर्धा जीव आहे. जुन्या घरांशेजारी नवी कॉलनी उठलेली, ओळखीचं दुकान जाऊन मोठं दुकान आलेलं, आणि वय झालेली मिस मार्पल त्या कॉलनीतून एकटी फिरून येते. आपल्या तालुक्याच्या गावाला गेल्या वीस वर्षांत ले-आउट पडताना ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही पानं सावकाश वाचावीशी वाटतील.

दुसरी जोडी ‘अ कॅरिबियन मिस्टरी’ (१९६४) आणि ‘नेमेसिस’ (१९७१). पहिलीत भेटलेला श्रीमंत, तिरसट म्हातारा दुसरीच्या आरंभीच वारतो आणि मिस मार्पलवर एक काम सोपवून जातो. नेमकं काय करायचं, हे मात्र सांगत नाही. पहिली वाचलेली नसेल तर या मागणीतला दोघांचा एकमेकांवरचा विश्वास कळत नाही.

‘स्लीपिंग मर्डर’ ही शेवटची म्हणून विकली जाते, कारण ती लेखिकेच्या निधनानंतर १९७६ साली आली. लिहिली मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि ठेवून दिली. म्हणून ‘द मिरर क्रॅक्ड’मध्ये ज्याचं निधन झालेलं आहे तो शेजारी ‘स्लीपिंग मर्डर’मध्ये जिवंत भेटतो. पुस्तकाची चूक समजू नका. ती मधेच कुठेतरी वाचून घ्या.

‘‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ची सुरुवातच पटत नाही. आमचं घर रेल्वेलाइनीला लागून आहे. समोरून येणारी गाडी डोळ्यांची पापणी लवते तोवर निघून जाते. त्या बाईला शेजारच्या गाडीत चाललेला खून दिसला कसा?’ (पुलगाव, जि. वर्धा)

शंका रास्त आहे, पण तुमच्या डोळ्यासमोर समोरून येणारी गाडी आहे. कादंबरीतल्या दोन्ही गाड्या एकाच दिशेने चालल्या आहेत. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर बऱ्याच अंतरापर्यंत चार रूळमार्ग आहेत: जलद गाड्यांचे दोन, हळू गाड्यांचे दोन. म्हणजे एकाच दिशेला जाणाऱ्या दोन गाड्या काही वेळ खेटून धावू शकतात.

आता हिशेब करा. समोरासमोरच्या दोन गाड्या ताशी १०० किलोमीटरने आल्या तर एकमेकींच्या मानाने वेग होतो ताशी २००, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. डबा साधारण २२ ते २४ मीटरचा, तो अर्ध्या सेकंदाच्या आत निघून जातो. पण गाड्या एकाच दिशेच्या असतील, एक ताशी ८० ने आणि दुसरी ८२ ने, तर फरक उरतो ताशी दोन किलोमीटरचा. माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कमी. शेजारची खिडकी काही सेकंद समोर थांबल्यासारखी वाटते. तेवढ्यात तिकडचा पडदा सर्रकन वर जातो आणि बाईला दिसायचं ते दिसतं. दिसतं तेही मारेकऱ्याची पाठ फक्त. सगळी कादंबरी या एका पाठीवर उभी आहे.

सुरुवात इतकी भक्कम असूनही या पुस्तकाचा शेवट मात्र कच्चा आहे. मिस मार्पल गुन्हेगारापर्यंत कशी पोचली, याचे धागे वाचकाच्या हाती पुरेसे दिलेले नाहीत. सापळा लावून काम भागवलं आहे. हे पुस्तक वाचावं ते ल्युसी आयल्सबॅरोसाठी. ही हुशार मुलगी मिस मार्पलच्या सांगण्यावरून एका जुन्या वाड्यात घरकामाला राहते, आणि स्वयंपाक, झाडलोट, आजारी म्हाताऱ्याचं पथ्य हे सगळं सांभाळत शोध घेते.

‘एवढ्याशा गावात किती खून! सहाव्या पुस्तकानंतर कंटाळलो. आमच्या गावात पोलीस पाटलाच्या अख्ख्या कारकिर्दीत एक खून होत नाही.’ (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

ही तक्रार अशा बहुतेक मालिकांना लागू पडते. मिस मार्पलला कमी. तिच्या सेंट मेरी मीड गावात बारांपैकी फक्त तीन कादंबऱ्यांतलं मुख्य प्रेत सापडतं. बाकी सगळ्या दुसऱ्या गावांत, कुणाच्या वाड्यात, लंडनच्या हॉटेलात, वेस्ट इंडीजच्या बेटावर, बागा बघायला निघालेल्या सहलीच्या बसमध्ये. गावात सारखे खून दाखवले तर गावावरचाच विश्वास उडेल, हे ख्रिस्तीला कळलं होतं. म्हणून तिने गाव घरी ठेवलं आणि बाई हिंडवली. मिस मार्पल कुठेही गेली तरी म्हणते, हा माणूस पाहिला की आमच्या गावातला अमका आठवतो. गाव तिच्यासोबत येतं ते असं.

प्रेतांचाच कंटाळा आला असेल तर अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांची बोत्स्वाना देशात घडणारी मालिका घ्या. पहिलं पुस्तक १९९८ चं. वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून एक बाई गुप्तहेराचं कार्यालय काढते, इथून सुरुवात होते. हरवलेला नवरा, खोटा बाप, संशयाने पोखरलेलं घर, अशी प्रकरणं असतात आणि पुष्कळदा कुणी मरतही नाही. गुरं, पाऊस आणि दुष्काळ यांचं त्या माणसांच्या बोलण्यात जे वजन आहे, ते चिमूरकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

‘आमच्या ‘ड’ वर्ग ग्रंथालयात एक प्रत आणि वाचणारे नऊजण. झडीच्या दिवसांत एकत्र वाचन करायचं ठरलं आहे. मागच्या वर्षी एकाने शेवट फोडला आणि सगळं बसलं. शिवाय ‘द मूव्हिंग फिंगर’मध्ये मिस मार्पल शेवटच्या भागात उगवते, ही फसवणूक नव्हे का?’ (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

आधी वाचनाचं. मोठ्याने वाचलं तर मिस मार्पलची एक कादंबरी साधारण आठ ते दहा तासांची होते. रोज तासभर धरला तर आठ-दहा बैठका. बैठक सुरू होण्याआधीच ग्रंथपालाने शेवटची दोन प्रकरणं कागदात गुंडाळून वर दोरा बांधावा. नुसत्या क्लिपने भागत नाही. क्लिप काढून परत लावता येते, दोऱ्याची गाठ मोडली की कळते. प्रत जुनी असेल तर शेवटची पानं जागेवर आहेत ना, हे एकट्या ग्रंथपालाने आधी पाहून घ्यावं. जुन्या प्रतींचं पहिलं आणि शेवटचं पानच आधी गळतं, आणि रहस्यकथेत शेवटचं पान नसलं तर आठ दिवस फुकट.

एक वही ठेवा आणि तिच्यात चार रकाने आखा: कोण, त्याने स्वतः काय पाहिलं, काय नुसतं ऐकलं किंवा सांगितलं, आणि किती वाजता. दुसरा आणि तिसरा रकाना वेगळा ठेवणं हेच या वहीचं खरं काम. बहुतेक मंडळं इथेच चुकतात. एका पात्राने ‘तो तेव्हा बागेत होता’ असं म्हटलं की सगळे ते घडलं म्हणूनच लिहून टाकतात.

‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’चं उदाहरण घ्या. गावच्या पेपरात जाहिरात येते: शुक्रवार, २९ ऑक्टोबर, सायंकाळी साडेसहा वाजता, अमुक घरी खून होणार आहे. गंमत समजून शेजारीपाजारी जमतात. साडेसहाला दिवे जातात, दार उघडतं, टॉर्चचा झोत तोंडावर येतो, हात वर करायचा हुकूम होतो, गोळ्या सुटतात. पुढे पोलीस एकेकाला विचारतात तेव्हा जो तो सांगतो, दारात टॉर्च घेतलेला माणूस होता. आता हे कोणत्या रकान्यात टाकणार? रात्री पिकाला ओलित करायला जाणाऱ्या कुणालाही विचारा: समोरच्याने टॉर्च तुमच्या डोळ्यांवर धरला तर टॉर्चच्या मागचा माणूस दिसतो का? उजेडाचं भगभगीत बोंड दिसतं, बाकी सगळा अंधार. म्हणजे ‘पाहिलं’च्या रकान्यात येतं फक्त ‘उजेड’. ‘माणूस’ तिसऱ्या रकान्यात जातो. एवढं नीट लिहिलं की पुस्तक वेगळं दिसू लागतं.

तीन चतुर्थांश पुस्तक झालं की एक दिवस वाचन बंद ठेवा. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव आणि एका ओळीत कारण लिहून डब्यात टाकायचं. नाव बरोबर पण कारण चूक असेल तर अर्धेच गुण. नुसता अंदाज कुणालाही करता येतो.

आता ‘द मूव्हिंग फिंगर’बद्दल. मिस मार्पल फार उशिरा येते, हे खरं. पण फसवणूक वेगळ्या गोष्टीला म्हणतात. १९३० च्या सुमारास इंग्रज रहस्यकथाकारांनी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला. सदस्याला शपथ घ्यावी लागे की उकल दैवी साक्षात्कारावर किंवा योगायोगावर टेकवणार नाही आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. ख्रिस्ती पुढे या क्लबची अध्यक्षही झाली. त्या कसोटीला हे पुस्तक पुरेपूर उतरतं. विमानाच्या अपघातातून बरा होण्यासाठी एक तरुण बहिणीसोबत खेड्यात येऊन राहतो आणि गावात निनावी पत्रं यायला लागतात, जुन्या पुस्तकातली अक्षरं कापून चिकटवलेली. मिस मार्पल जे वापरते ते सगळं त्या तरुणाने आधीच पाहिलेलं असतं, म्हणजे तुम्हीही पाहिलेलं असतं. ती येऊन नवा पुरावा आणत नाही. पडलेलाच पुरावा सरळ करून ठेवते. गावाला निनावी पत्राची भूक असते, आणि ‘धूर आहे म्हणजे आग असणारच’ या समजुतीवर गाव कसं चालतं, हे या पुस्तकाइतकं नेमकं मालिकेत इतरत्र नाही. मंडळासाठी याच्याइतकं चांगलं पुस्तक दुसरं मिळणार नाही.

‘मराठी अनुवादात शेवट आधीच कळतो, असं माझं मत झालं आहे. की अनुवादक चांगले नाहीत?’ (वाशीम जिल्हा)

अनुवादकाला दोष देण्याआधी आपली भाषा पाहू. मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं. इंग्रजीत ‘कुणीतरी जिन्यावरून उतरलं’ हे वाक्य सहज निभतं, आणि पुढच्या वाक्यात ‘मग पळत सुटला की सुटली’ हे टाळताही येतं. मराठीत दोन-तीन वाक्यं नपुंसकलिंगात काढता येतात. पानभर काढली की वाचकाला संशय येतो. ‘ती व्यक्ती’ लिहिलं तर मनात बाई येते, ‘तो इसम’ लिहिलं तर पुरुष. जाणता अनुवादक अशा जागी कर्ता बदलतो: ‘पावलं जिन्यावरून उतरली’, ‘हात खिडकीकडे गेला’. पावलांना आणि हातांना व्याकरणाचं लिंग असतं, पण ते माणसाचं गुपित फोडत नाही.

दुसरी अडचण नात्यांची. इंग्रजीत ‘कझन’ म्हणून मोकळं होता येतं. मराठीत चुलत, मामे, आते, मावस यातलं एक निवडावंच लागतं, आणि निवडलं की माणूस आईकडचा की बापाकडचा हे उघड होतं. मालमत्तेच्या गोष्टीत ते लपवायचं असेल तर ‘कझन’च ठेवलेलं बरं. मालिकेतल्या एका पुस्तकात (नाव मुद्दाम सांगत नाही) एक धागा नावातल्या एका अक्षरावर आहे. कुठल्या छपाईत ते अक्षर ‘शुद्ध’ करून टाकलं, तर सगळं कोडंच गेलं.

काही शब्द नुसते गोंधळ घालतात. ‘व्हिकार’ला पाद्री म्हटलं की आपल्याला अविवाहित माणूस वाटतो, आणि त्याची तरुण बायको भेटली की वाचक दचकतो. इंग्लंडच्या चर्चमधला हा धर्मगुरू लग्न करतो, संसार करतो. ‘इन्क्वेस्ट’चं ‘पंचनामा’ केलं की वाचक घटनास्थळ शोधू लागतो. तिकडे ती कॉरोनरसमोरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोरची, जाहीर सुनावणी असते, आणि निम्मं गाव ऐकायला बसलेलं असतं.

‘दिवाळी अंकासाठी अशीच कथा लिहितो आहे. गाव दीड हजार वस्तीचं. आमच्याकडे बंगले नाहीत, बटलर नाहीत, मृत्युपत्रं फारशी नाहीत. खून कशासाठी करायचा आणि तपास कोणी?’ (काटोल तालुका, जि. नागपूर)

मृत्युपत्र सोडूनच द्या. इंग्लंडमध्ये मालक आपली इस्टेट बहुतांशी मर्जीप्रमाणे कुणालाही देऊ शकतो, म्हणून तिकडच्या कथा म्हाताऱ्या आत्याच्या मृत्युपत्रावर चालतात. आपल्याकडे हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत हक्क जन्मानेच येतो, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही मुलांइतकाच येतो. काकाला मारून हिस्सा वाढतोच असं नाही. आपल्याकडचं कारण कागदात नव्हे, धुऱ्यावर शोधा: सरकवलेला दगड, अडवलेली पांदण, सामाईक विहिरीची पाळी, बहिणीने न केलेली हक्कसोडपत्रावरची सही. फेरफाराची नोटीस लागली की हरकतीला पंधरा दिवस असतात. हे पंधरा दिवस तुमच्या कथेचं घड्याळ होऊ शकतात.

तपासाला असं माणूस घ्या ज्याला प्रत्येक घरी जायला कारण लागत नाही, किंवा ज्याच्याकडे प्रत्येक घर येतं. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोस्टमन हे नेहमीचे. आमची पसंती पिठाच्या गिरणीवाल्या बाईला. तिच्यासमोर रोज डबे उघडतात. समजा, एकटी राहणारी म्हातारी आठवड्याला पायलीभर ज्वारी दळते. एका आठवड्यात डबा दुप्पट जड येतो, पुढच्याही आठवड्यात तसाच. घरात दुसरं कुणी जेवतं आहे आणि ते कुणाला दिसलेलं नाही. ज्वारीसोबत गहू आला तर जेवणारा पाहुणा मानाचा आहे. वाचकाच्या डोळ्यासमोर हा धागा ठेवायचा तर तिसऱ्या पानावर बाईने कुरकुर करावी, ‘आजकाल डबे उचलून कंबर गेली,’ आणि पुढे चालू लागावं. धागा जितका साध्या कामात मिसळेल तितका बरा. एकटा परिच्छेद करून ठेवलात तर पकडला जातो.

अलिबीसाठी, म्हणजे ‘तेव्हा मी दुसरीकडे होतो’ या दाव्यासाठी, लाइनीसारखी गोष्ट नाही. शेतीपंपांना ठरलेल्या पाळीने वीज मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. संशयित म्हणतो, ‘रात्रभर हरभऱ्याला पाणी देत होतो.’ त्या रात्री त्या फिडरवर लाइन होती का, हे अख्ख्या शिवाराला माहीत असतं. आणि लाइन असली तरी सकाळी सऱ्या कुठवर ओल्या झाल्या हे दिसतं. तीन तासांचं ओलित सहा तासांचं म्हणून सांगता येत नाही.

पोलिसांचं काम खरं ठेवा. मृत्यू संशयास्पद असला की पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो, ठाण्यात मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचांसमोर पंचनामा होतो (पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १७४, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४), प्रेत शवविच्छेदनाला जातं आणि गरज पडली तर व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. तिथला अहवाल यायला वेळ लागतो. तुमच्या गिरणीवाल्या बाईला फिरायला मोकळीक मिळते ती याच काळात. सगळ्या पोलिसांना बावळट दाखवायची गरज नाही. ठाण्यावर दुसरी वीस कामं असतात, इतकं पुरे.

शेवटी सगळ्यांना ओसरीवर बसवून कबुली घेणार असाल तर सावध. पोलिसापुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि गावकऱ्यांपुढची कबुली एकटी सहसा उभी राहत नाही. मिस मार्पलसुद्धा नुसतं बोलून थांबत नाही, बऱ्याचदा सापळा लावून गुन्हेगाराला हात घालायला लावते. ओसरीवरून उठताना फौजदाराच्या हातात एखादी वस्तू हवी: सही, पावती, माती लागलेली पहार, काहीही.

मोबाईल टाळू नका. दर वेळी ‘नेटवर्क नव्हतं’ म्हटलं की वाचक वैतागतो. फोन घरी चार्जिंगला लावून माणूस बाहेर गेला, हे जास्त खरं आणि जास्त उपयोगी.

‘कथेत खून कीटकनाशकाने दाखवला तर? घरोघरी असतंच.’ (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

दाखवू नका, ही आमची कळकळीची विनंती. ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम केलं, १९१७ मध्ये त्याची परीक्षाही दिली, म्हणून तिच्या पुस्तकांत विषं येतात आणि ती नेमकी येतात. ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये (१९५३) विष यू नावाच्या झाडातलं आहे. तिच्या वाचकाला ते झाड चर्चच्या आवारात दिसणारं, जरा गूढ वाटणारं. त्या विषाने गेलेलं माणूस त्याच्या घरात नव्हतं.

आपल्याकडे तसं नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कर्जापायी गेलेल्यांची घरं प्रत्येक गावात आहेत. तो डबा कथेत ठेवलात की तुमचा वाचक कोडं सोडवणार नाही, त्याला आपल्या घरातलं कुणी आठवेल. या प्रकारच्या कथेत मृत्यू वाचकाला सोसेल इतक्या अंतरावर असावा लागतो, आणि यवतमाळमध्ये ते अंतर या वस्तूला नाही. विहीर, जिना, कोठ्याची आडवी पडलेली नाट, बंडीचं चाक, यातलं काही घ्या. पडला की पाडला, हा प्रश्न चाळीस पानं सहज पुरतो. विष हवंच असेल तर त्याचं नाव आणि मात्रा न सांगताही कथा चालते. धागा ‘काय दिलं’ यात ठेवू नका, ‘त्या दिवशी ताट कोणी वाढलं’ यात ठेवा.

‘मुलगी सातवीत आहे. मिस मार्पल देऊ का?’ (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

कादंबरी दोन वर्षांनी. आता ‘द थर्टीन प्रॉब्लेम्स’ (१९३२) मधल्या एक-एक कथा तुम्ही वाचून दाखवा. सुरुवातीच्या कथांत मंगळवारी रात्री जमलेली मंडळी आळीपाळीने एकेक कोडं सांगतात, कोपऱ्यात विणत बसलेली मिस मार्पल ते सोडवते, आणि एका बैठकीत गोष्ट संपते. मुलीला स्वतः वाचायला सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा द्या. अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद स्वच्छ आहेत, आणि गोष्ट सांगणारा तोपशे जवळपास तिच्याच वयाचा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घरात असेलच. नसेल तर आधी तो आणा.